अलेक्झांडर होलेव्हो

अलेक्झांडर सेम्योनोविच होलेव्हो (जन्म : २ सप्टेंबर १९४३) हे रशियन गणितज्ञ असून क्वांटम माहिती सिद्धान्ताच्या प्रवर्तकांपैकी एक मानले जातात. क्वांटम अवस्थांद्वारे पाठवलेली माहिती कमाल किती प्रमाणात परत मिळवता येते, हे सांगणारी ‘होलेव्हो मर्यादा’ त्यांच्या नावाने ओळखली जाते.

शिक्षण व कारकीर्द

होलेव्हो यांनी १९६६ मध्ये मॉस्को भौतिकी व तंत्रज्ञान संस्थेतून पदवी घेतली. १९६९ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण केल्यानंतर ते मॉस्कोतील स्तेक्लोव्ह गणित संस्थेत रुजू झाले. १९७५ मध्ये त्यांना ‘डॉक्टर ऑफ सायन्स’ ही उच्च पदवी मिळाली. संशोधनाबरोबरच त्यांनी मॉस्को विद्यापीठात अध्यापनही केले.

होलेव्हो मर्यादा

नेहमीच्या संगणकातील बिटचे मूल्य ० किंवा १ असते. क्यूबिट मात्र या दोन्हींच्या असंख्य मिश्र अवस्थांमध्ये असू शकतो. त्यामुळे एका क्यूबिटमध्ये अमर्याद माहिती साठवता येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती माहिती वाचण्यासाठी मापन करावे लागते आणि एकमेकींशी लंब नसलेल्या अवस्था कोणत्याही मापनाने अचूक वेगळ्या ओळखता येत नाहीत. होलेव्हो यांनी १९७३ मध्ये या मर्यादेची काटेकोर सिद्धता दिली. तीनुसार, प्रेषक व ग्राहक यांच्यात आधीपासून क्वांटम गुंतागुंत नसेल, तर एका क्यूबिटमधून एका बिटपेक्षा अधिक माहिती मिळू शकत नाही. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जे. पी. गॉर्डन यांनी १९६४ मध्ये असे सूत्र सुचवले होते. मात्र त्याची सिद्धता दिली नव्हती.

ही मर्यादा प्रत्यक्षात गाठता येते का, हा प्रश्न त्यानंतर सुमारे दोन दशके अनुत्तरित राहिला. अनेक संकेतांचे एकत्रित मापन केल्यास स्वतंत्र मापनांपेक्षा अधिक माहिती मिळू शकते, हे होलेव्हो यांनी १९७९ मध्ये दाखवले. अखेर १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात होलेव्हो यांनी, तसेच बेंजामिन शूमाकर व मायकेल वेस्टमोरलँड यांनी स्वतंत्रपणे, दीर्घ संदेशांसाठी ही मर्यादा हवी तितकी जवळून गाठता येते, हे सिद्ध केले. हा निष्कर्ष तिघांच्या नावाने ‘होलेव्हो–शूमाकर–वेस्टमोरलँड प्रमेय’ म्हणून ओळखला जातो.

बेरजेचा प्रश्न

दोन क्वांटम वाहिन्या एकत्र वापरल्यास त्यांची होलेव्हो क्षमता ही स्वतंत्र क्षमतांच्या बेरजेइतकीच असते का, हा या प्रमेयानंतरचा महत्त्वाचा प्रश्न होता. उत्तर ‘होय’ असावे, असा अनेकांचा अंदाज होता. २००९ मध्ये मॅथ्यू हेस्टिंग्ज यांनी तो सर्वसाधारणपणे खरा नसल्याचे सिद्ध केले. प्रकाशीय दळणवळणाशी निगडित गाउसीय वाहिन्यांच्या एका मोठ्या वर्गासाठी मात्र होलेव्हो व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे क्षमतेचे नेमके सूत्र सिद्ध केले.

ग्रंथ व सन्मान

क्वांटम सिद्धान्ताच्या संभाव्यताशास्त्रीय व सांख्यिकीय पैलूंवरील त्यांचा ग्रंथ १९८० मध्ये रशियन भाषेत आणि १९८२ मध्ये इंग्रजीत प्रकाशित झाला. २०१६ मध्ये त्यांना माहिती सिद्धान्तातील प्रतिष्ठेचा क्लॉड शॅनन पुरस्कार मिळाला. ते रशियन विज्ञान अकादमीचे सदस्य आहेत.