माहेरचा आचारी

पॅरिसला गेलेला मराठी माणूस आयफेलचा मनोरा पाहतो, मोनालिसासमोरच्या गर्दीत टाचा उंचावून उभा राहतो आणि घरी येऊन सांगतो की, पॅरिस पाहिले. लेकीकडे गेलो तेव्हा आम्हा उभयतांनीही हे सारे यथासांग केले. परंतु त्या नगरीतील ज्या वास्तूने माझ्या मनात घर केले, ती ना राजवाडा, ना देवालय. ते आहे मिठाईचे एक दुकान.

मोंतोर्गेय नावाच्या रस्त्यावर, ५१ क्रमांकाच्या घरात, 'स्तोरेर' या नावाने हे दुकान १७३० सालापासून उभे आहे. १७३० म्हणजे कोणते साल, हे पुणेकरांना तरी सांगायला नको. त्याच वर्षीच्या जानेवारीत थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला. तो वाडा १८२८ च्या आगीत जळाला आणि आता आपण त्याची जोती दाखवतो. इकडे हलवायाची भट्टी मात्र अजून पेटलेली आहे!

हा रस्ता मूळचा खाण्यापिण्याचा. पॅरिसची मोठी मंडई १९६९ पर्यंत इथून हाकेच्या अंतरावर होती. ३० जून १८७८ रोजी शहरात उत्सव झाला, तेव्हा झेंड्यांनी फुललेला हाच रस्ता क्लोद मोने या चित्रकाराने रंगवला. २००४ साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ फ्रान्सच्या भेटीवर आली असता या दुकानाशीही थांबली होती. दुकान आत लहानसेच. भिंतींवर हाती मिष्टान्ने घेतलेल्या स्त्रियांची एकोणिसाव्या शतकातील चित्रे आहेत. पॅरिसच्या ऑपेरागृहात ज्याने चित्रे काढली, त्या पॉल बोद्रीचे नाव त्यांच्याशी जोडले जाते. सरकारने १९८४ मध्ये या सजावटीला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला.

तिकडे दुकानात शिरताना आधी नमस्कार-चमत्कार करावे लागतात. 'बोंझूर' न म्हणता नुसता पदार्थ मागणे म्हणजे असभ्यपणा. लेकीने रीतीप्रमाणे बोंझूर केले आणि माझ्याकडे वळून विचारले, "बाबा, तुम्हाला काय घेऊ?" तिचे मराठी वाक्य पुरे होण्याच्या आत काउंटरमागच्या बाईने चिमट्याने एक पदार्थ उचलून ताटलीत ठेवलासुद्धा! आम्ही तिघेही चकित. मग लेक हसत सुटली. त्या पदार्थाचे नावच 'बाबा'!

हा बाबा म्हणजे आंबवलेल्या पिठाचा, अंडी आणि लोणी घातलेला, जाळीदार मऊ पाव. भाजून तो पाकात मुरवतात, आणि त्या पाकात रम असते. रमचे नाव निघताच सौ.च्या भुवया वर गेल्या. तिने शेजारच्या 'प्युई दामूर'कडे, म्हणजे 'प्रेमाच्या विहिरी'कडे मोर्चा वळवला. पापुद्र्यांची वाटी, आत व्हॅनिलाची घट्ट साय आणि वर तापल्या लोखंडाने जाळून केलेला साखरेचा कुरकुरीत पापुद्रा. एक घास घेऊन ती म्हणाली, "अहो, हे तर आपले चिरोटेच की!" तिचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. आपण पोळ्यांच्या मध्ये साटा लावून गुंडाळतो; ते पिठात लोण्याचा थर ठेवून पुन्हा पुन्हा घडी घालतात आणि लाटतात. युक्ती एकच.

असो. आता या बाबाची कथा ऐकावी.

पोलंडचा एक राजा होता, स्तानिस्लास लेश्चिन्स्की. १७०४ मध्ये स्वीडनच्या राजाच्या बळावर गादी मिळाली, आणि १७०९ मध्ये स्वीडनचा पराभव होताच ती गेलीही. राजा बायकामुलांसह देशोधडीला लागला आणि शेवटी आल्सास प्रांतातील विसेंबूर या लहानशा गावी, फ्रान्सने दिलेल्या तनख्यावर दिवस काढू लागला. पदरी उपवर मुलगी, मारी. राज्य नाही, पैसा नाही; अशा घरची मुलगी कोण करणार?

पण दैवाची गती पाहा. १७२५ साली फ्रान्सचा राजा पंधरावा लुई पंधरा वर्षांचा होता. त्याच्यासाठी ठरवून ठेवलेली स्पेनची राजकन्या अवघी सात वर्षांची. वंश चालायचा कसा, या काळजीने मंत्र्यांनी तिला परत धाडले आणि युरोपातील शंभराच्या आसपास उपवर राजकन्यांची यादी केली. धर्म, वय, प्रकृती, राजकारण अशा चाळण्या लावता लावता शेवटी नाव उरले ते या निर्वासित राजाच्या मुलीचे. ती बावीस वर्षांची होती. ऑगस्टमध्ये स्ट्रासबूर येथे वराच्या गैरहजेरीतच लग्न लागले. आपल्याकडे सरदार घराण्यांत खांड्याशी लग्न लावीत, त्यातलाच प्रकार. सप्टेंबरमध्ये फोंतेनब्लोजवळ तिने आपला नवरा पाहिला.

ही मुलगी सासरी निघाली, तेव्हा तिच्याबरोबर माहेरच्या मुदपाकखान्यात हात बसलेला एक तरुण आचारीही व्हर्सायला गेला. त्याचे नाव निकोला स्तोरेर. पाच वर्षांनी त्याने पॅरिसमध्ये स्वतःचे दुकान थाटले, तेच हे दुकान.

बाबाची उत्पत्ती अशी सांगतात की, स्तानिस्लासला एकदा एक पाव फार कोरडा लागला, म्हणून तो मद्यात भिजवला गेला आणि राजा खूश झाला. त्याला सुधारून रूप दिल्याचे श्रेय स्तोरेरला देतात. राजाने अलीबाबाच्या नावावरून त्याला 'बाबा' म्हटले, अशीही आख्यायिका आहे. अरबी सुरस गोष्टींचे गालांकृत फ्रेंच भाषांतर १७०४ ते १७१७ या काळात निघाले होते, तेव्हा काळ जुळतो. आणि या दुकानात बेदाणे व साय भरलेला एक 'अलीबाबा' आजही मिळतो. पण खरे पाहता पोलिश भाषेत 'बाबा' म्हणजे म्हातारी, आजीबाई. आणि त्याच नावाचा उंच पाव तिकडे पूर्वापार होतो. म्हणजे आपल्याकडे जो बाप, तो तिकडे आजी! राजाने नाव कोठूनही घेतले असो, त्यात देशाची आठवण होती, असे मला वाटते.

मारीला दहा मुले झाली. पुढे राजाचे मन इतरत्र रमले आणि तिने देवधर्म, वाचन यांत आयुष्य काढले. बापाला १७३७ मध्ये लॉरेनची जहागीर मिळाली, तीही त्याच्यामागे फ्रान्सकडे जाईल या अटीवर. फेब्रुवारी १७६६ मध्ये शेकोटीजवळ असता म्हाताऱ्या राजाच्या झग्याने पेट घेतला आणि त्या जखमांनी तो काही दिवसांनी वारला. तो झगा लेकीनेच बापाला ऊब मिळावी म्हणून पाठवला होता, असे म्हणतात. दोन वर्षांनी तीही गेली. तिचा नातू सोळावा लुई १७९३ मध्ये गिलोटिनखाली गेला. १७९५ पर्यंत तीन वाटण्या होऊन पोलंडही नकाशावरून नाहीसे झाले. बापाचे राज्य गेले, सासरची गादी गेली. उरले ते माहेरच्या आचाऱ्याचे दुकान.

येथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाही. कारण पाकातली साखर कोठून येत होती? अटलांटिकपलीकडच्या सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीतून, म्हणजे आजच्या हैतीतून. राज्यक्रांतीच्या सुमारास तेथे आफ्रिकेतून धरून आणलेले व त्यांच्या पोटी जन्मलेले सुमारे पाच लाख गुलाम राबत होते. ऊस तोडावा, चरकात घालावा, रात्रंदिवस कढया ढवळाव्या, हे त्यांचे जिणे. पुढे बाबात जी रम आली, तीही अशाच बेटांतल्या उसाच्या मळीची दारू. १७९१ मध्ये ते गुलाम उठले आणि १८०४ मध्ये त्यांनी आपले स्वतंत्र राष्ट्र उभारले. राजकन्या परमुलखात गेली, तेव्हा तिच्यासोबत आचारी होता. या लोकांना घरून काय नेता आले? चिमूटभर मीठही नाही. फ्रेंच लोक साखरेला 'स्युक्र' म्हणतात. तो शब्द मुळात आपली 'शर्करा'च, अरबांच्या घरून तिकडे गेलेली. शब्दालासुद्धा जे जमले, ते त्या माणसांना जमू दिले नाही. काचेआडच्या त्या देखण्या पदार्थांकडे पाहताना हा हिशेब विसरू नये.

संध्याकाळी घरी आल्यावर सौ.ने पुण्याहून नेलेला फराळाचा डबा उघडला. करंज्यांच्या कडा प्रवासात मोडल्या होत्या, चकल्यांचे तुकडे झाले होते. लेकीने डबा पुढे ओढला. पण लगेच खाल्ले नाही. तिने आधी झाकण नाकाशी धरले आणि थोडा वेळ तशीच बसून राहिली.

मग म्हणाली, "बाबा, तुम्ही पण घ्या ना."

या वेळी ताटलीत कोणी काही ठेवले नाही. मी हात पुढे केला.