तंबू कुठे मिळेल? महाड-पोलादपूरचं जुनं उत्तर

कानात इअरफोन घालायला ज्यांना जमलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून.

थंडी सुरू झाली की मेसेज यायला लागतात. "दादा, रायगड करायचाय, प्रतापगड करायचाय, महाडला उतरणार. तंबू कुठून घेऊ?" आधी याचं सरळ उत्तर देऊन टाकतो. ट्रेकिंगचा हलका, घडीचा तंबू घ्यायचा तर मुंबई, ठाणे, पुण्याहून घेऊन या. दुकानात उभा करून बघा, आत झोपून बघा, मगच पैसे द्या. एकदाच लागणार असेल तर भाड्याने घ्या. महाड-पोलादपूरच्या बाजारावर भिस्त ठेवायची ती ताडपत्री, दोरी आणि सुतळीसाठी. झालं. आता इतिहास.

या मुलखात तंबूपेक्षा अवघड प्रश्न नेहमी दुसराच होता. तंबू ठोकायला जागा कोण देणार?

पोलादपूरपासून सुरुवात करू. इथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. 'शिवभारत' लिहिणारे ते हेच. गावातून आंबेनळी घाट चढलात की प्रतापगड. आज तो सातारा जिल्ह्यात मोडतो, पण कोकणातून जाणाऱ्याची वाट पोलादपूरवरूनच. १० नोव्हेंबर १६५९ ला या गडाखाली जो शामियाना उभा होता, त्याच्याइतका विचार करून उभारलेला तंबू मला तरी दुसरा माहीत नाही. जागा महाराजांनी निवडली, शामियानाही महाराजांनीच सजवला. सभासद बखरीत आहे की ती श्रीमंती बघून अफजलखान मनातून चिडला. एका सरदाराच्या मुलाकडे एवढं वैभव कसं? त्यावर महाराजांचे वकील पंताजीपंत यांनी त्याची समजूत काढली, की हे शेवटी बादशहाच्याच घरी जाणार. पुढे काय झालं ते शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. खानाची छावणी खाली पारला होती. ती लुटली गेली.

असले तंबू काही ऐनवेळी बाजारातून यायचे नाहीत. स्वराज्याचे अठरा कारखाने होते, त्यातला एक फरासखाना. तंबू, राहुट्या, कनाती, जाजमं, बिछायती, सगळं त्या खात्याकडे. पुण्यात दगडूशेठ गणपतीजवळ फरासखाना पोलीस ठाणं आहे ना, ते नाव पेशव्यांच्या याच खात्यावरून आलंय. 'फरासखान्यात बसवीन' ही धमकी ऐकलेल्या पुणेकरांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पंधरा वर्षांनी, मे १६७४ मध्ये, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकासाठी रायगडाखाली पाचाडला पोचला. तर महाराज गडावर नाहीत! प्रतापगडच्या भवानीला सोन्याचं छत्र वाहायला गेलेले. ते परत येईपर्यंत गड चढायचा नाही, असं कळलं. मग या साहेबांनी पायथ्याशी मोकळ्यावर तंबू ठोकला आणि बसले वाट बघत. तंबू त्यांचा स्वतःचा होता. जागा आणि वेळ मात्र यजमानाची. वरून बोलावणं आलं, तेव्हाच वर गेले.

आता खरी गोष्ट. १९२७, महाड शहर.

१९ आणि २० मार्चला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. मांडव पडला, हजारो माणसं जमली. पण प्यायला पाणी? चवदार तळं गावातच होतं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ लाच झालेला, महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केलेलं. कागदावर. प्रत्यक्षात परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. तळ्याच्या गावात, पाणी, विकत!

२० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले, मागोमाग सगळे प्यायले. मग गावात अफवा उठवली गेली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव मांडवावर चालून आला. परतीला निघण्याआधी लोक तिथे जेवत होते. त्यांना मारलं, अन्न मातीत कालवलं. कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. नंतर तळं 'शुद्ध' करायला त्यात पंचगव्याचे १०८ घडे ओतले.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद, म्हणजेच सत्याग्रह परिषद, ठरली तेव्हा गावाने शहाणपण केलं. या वेळी मांडवाला जागाच द्यायची नाही. मांडवासाठी वासे, बांबू, कापड कुठूनही आणता येतं हो. जमीन कुठून आणणार? शेवटी फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. गावचे व्यापारी माल देणार नाहीत म्हणून धान्य, किराणा सगळं बाहेरून आणलं. अनंतराव चित्र्यांसारखी माणसं तयारीसाठी आधीपासून येऊन राबत होती.

येण्याची वाटही वाकडी करावी लागली. सरळ मार्ग धरमतरचा, तिथून मोटारीने महाड. पण मोटारवाले बसू देतील याचा भरवसा नव्हता. म्हणून बाबासाहेब आणि मंडळी 'पद्मावती' बोटीने निघून दासगाव बंदराला उतरली; तिथून महाड पाच मैल, वेळ पडली तर चालत गाठता येण्याजोगं. तुम्ही गाडी बुक करताना एवढं एकदा आठवा.

त्या मांडवात एकच तसबीर लावली होती, गांधीजींची. आणि २५ डिसेंबरच्या रात्री नऊ वाजता त्याच मांडवासमोर खणलेल्या खड्ड्यात मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते, अनुमोदन पां. ना. राजभोजांचं. मला इथे नेहमी वाटतं की आपण आगीबद्दल खूप बोलतो, जमिनीबद्दल कमी. फत्तेखानांनी 'नाही' म्हटलं असतं तर हे सगळं त्या दिवशी, त्या गावात झालं असतं का? मला शंका आहे.

तळ्यावर मात्र त्या वेळी जाता आलं नाही. विरोधकांनी १४ डिसेंबरलाच कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता, म्हणून सत्याग्रह तहकूब झाला. खटला चालला आणि चालला. मुंबई हायकोर्टाने तळं सगळ्यांसाठी खुलं असल्याचा निकाल दिला तो १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं, एका ओंजळीसाठी.

तर तंबू घेऊन येताय ना? जागा बघून ठोका. डोंगराच्या उताराखाली नको, पावसाळ्यात तर अजिबात नको; जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेत अख्खी वाडी दरडीखाली गेली होती. सावित्री आणि गांधारीच्या काठापासूनही लांब राहा. शेत कुणाचं आहे ते विचारा, मालकाला भेटा, पाण्याची सोय विचारा. आणि मुंबईहून हायवेने येताना महाडच्या अलीकडे दासगाव लागतं, तिथे उतरून पुढचं चालत या. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर, दोन तासांत महाड. आधी चवदार तळं बघा, मग क्रांतिस्तंभ.