प्लग स्वच्छ, हवा मळकी

जुनी स्कूटर ‘मिसिंग’ मारू लागली की आपण प्लगपाना घेऊन बसतो. प्लग काढायचा, काजळी पॉलिश पेपरने खरवडायची, फट तपासायची. काजळी विजेची वाहक असते. ती चिनीमातीवर साचली की वीज फटीतून उडी न मारता काजळीवरूनच निसटते. ठिणगी पडत नाही आणि त्या फेरीचे पेट्रोल न जळताच बाहेर जाते.

ठिणगीचा हा लहरीपणा जुनाच. लन्वार या संशोधकाने १८६० साली आपल्या गॅस इंजिनात ती वापरली, पण पुढे डाइमलरने तिच्यापेक्षा तापलेली नळी पत्करली! १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यातील होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि प्लग यांची जोडी बनवली, तेव्हा कुठे ती भरवशाची झाली.

मग आले शिसे. इंजिनाची ‘खटखट’ थांबवणारे टेट्राइथाइल लेड मिजली यांना १९२१ मध्ये सापडले. १९२३ पासून ते पेट्रोलमधून विकले जाऊ लागले. पण जळल्यावर त्याचे ऑक्साइड प्लगवर बसे आणि ठिणगी पुन्हा चुके. म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीनचे संयुग मिसळले. शिशाचे ब्रोमाइड तयार होई आणि त्याची वाफ धुराबरोबर बाहेर पडे.

आम्हाला खटकतो तो हाच हिशेब. प्लगवरचे शिसे मुलांच्या रक्तात गेले, आणि दुरुस्ती मात्र यशस्वी ठरली.

मोटारींचे शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली, तर अल्जेरियात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये बंद झाले. लहान पिस्टन विमानांच्या प्लगमधून मात्र शिशाचे कण आजही टोकरून काढावे लागतात.