गोलंदाजांची टेकडी : व्हिएतनाम युद्धातील तोफतळावरचे जगणे

व्हिएतनाम युद्धाचे नाव निघाले की डोळ्यांसमोर येतात ती घनदाट जंगले, भातखाचरे आणि हेलिकॉप्टरे. परंतु त्या जंगलात चालणाऱ्या अमेरिकी पायदळाचा आधार काही किलोमीटर मागे, एखाद्या बोडक्या केलेल्या टेकडीवर बसलेला असे. त्या ठिकाणाला 'फायर सपोर्ट बेस' म्हणत. सैनिकांच्या बोलीत नुसता 'फायरबेस'. आजच्या धाग्यात सेनापती नाहीत आणि लढाईही एकच आहे. त्या टेकडीवर माणसे कशी राहिली, हे पाहायचे आहे.

आधी एक शब्द. चेंडू टाकणाऱ्याला आपण आज 'गोलंदाज' म्हणतो. जुन्या मराठी कागदपत्रांत मात्र गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. या लेखात तो शब्द त्याच जुन्या अर्थाने वाचावा.

पूर्वीच्या युद्धांत तोफखान्याला दिशा असे. समोर शत्रू, मागे आपला मुलूख, आणि सगळ्या तोफांची तोंडे एकीकडे. व्हिएतनाममध्ये आघाडीची रेषाच नव्हती. शत्रू कोणत्याही बाजूला असू शकत होता. म्हणून तोफांभोवती मातीचे गोल कठडे उभारले जात आणि प्रत्येक तोफ पूर्ण वर्तुळात फिरवता येईल अशी मांडली जाई. तोफखान्याच्या मापात वर्तुळाचे ६,४०० 'मिल' होतात. सहा तोफांची तुकडी असेल तर बहुधा पाच तोफा ताऱ्याच्या टोकांवर आणि सहावी मध्यभागी. रात्री हल्ला झाला की मधली तोफ प्रकाशगोळे उडवी. छत्रीला लटकलेली ती ज्योत सुमारे मिनिटभर जळत खाली उतरे, आणि तेवढ्या वेळात कुंपणापाशी काय हलते आहे ते पाहून घ्यायचे.

आपल्याला गड-किल्ल्यांची सवय असल्यामुळे ही कल्पना ओळखीची वाटेल : उंच जागा धरायची आणि भोवतालच्या प्रदेशावर वचक ठेवायचा. फरक इतकाच, की हा गड काही दिवसांत उभा राही आणि कित्येकदा काही आठवड्यांत सोडून दिला जाई. चिनूक हेलिकॉप्टर दीड टनाची १०५ मिलिमीटरची हॉवित्झर पोटाखाली लटकवून आणी. मागोमाग दारूगोळा, पाणी, काटेरी तार आणि हजारो रिकामी पोती. ती पोती भरणे हे गोलंदाजाचे पहिले काम, आणि बहुतेकांच्या आठवणीत तेच शेवटचेही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जंगलातला निरीक्षक रेडिओवरून लक्ष्याचे स्थान कळवी. तळावरच्या भुयारी खोलीत, म्हणजे 'फायर डायरेक्शन सेंटर'मध्ये, नकाशा, कोष्टके आणि गणनपट्टी घेऊन बसलेले तरुण त्याचे आकड्यांत रूपांतर करीत. वारा, हवेचे तापमान, दारूचे तापमान, टेकडीची आणि लक्ष्याची उंची हे सर्व हिशेबात येई, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी ताडून पाहिले जाई. एका किलोमीटरवर एक मिलची चूक म्हणजे सुमारे एक मीटर; दहा किलोमीटरवर शंभर मिलची चूक झाली तर गोळा एक किलोमीटर बाजूला पडणार. तिथे आपलेच पायदळ असू शकते, किंवा गाव.

आकडे ओरडून सांगितले की तोफेवरची सहा-सात माणसे हलू लागत. १०५ मिलिमीटरचा गोळा साधारण १५ किलोंचा. त्याच्या नळकांड्यात दारूच्या सात पिशव्या दोऱ्याने बांधलेल्या असत. हुकूम 'चार'चा असेल तर वरच्या तीन काढून टाकायच्या. जितके अंतर कमी तितकी दारू कमी. उरलेल्या पिशव्या नंतर जाळून टाकीत. अंधारात, पावसात, झोपेतून उठून पिशव्या मोजताना एक चुकली तर काय होईल, हे प्रत्येकाला ठाऊक होते. कानांना संरक्षण नावापुरतेच. अनेकांच्या कानांतली शिटी पुढे आयुष्यभर थांबली नाही.

या कामातला एक भाग मात्र अस्वस्थ करणारा आहे. सगळेच गोळे कुणाच्या मागणीवरून डागले जात नसत. रात्रभर ठरावीक वेळाने, कुणी पाहत नसताना, नुसत्या अंदाजाने पायवाटांवर, नदीच्या उतारांवर, चौफुल्यांवर मारा केला जाई. शत्रूला झोपू द्यायचे नाही एवढाच हेतू. युद्धाच्या मधल्या वर्षांत अमेरिकी तोफखान्याचा मोठा दारूगोळा यातच खर्च झाला. गोळा कुठे पडला, कोणावर पडला, हे डागणाऱ्याला कधीच कळले नाही. पायदळाच्या सैनिकाने मेलेला माणूस पाहिला. गोलंदाजाने आकडा पाहिला. नंतरच्या आठवणींत हा प्रश्न वारंवार डोकावतो, यात नवल वाटू नये.

दिवस तुलनेने सपाट असे. तोफेची नळी साफ करणे, हेलिकॉप्टर आले की गोळ्यांचे खोके उतरवणे. दोन गोळ्यांचे एक खोके पन्नास किलोंच्या घरात. पण तेच लाकूड तळाचे घर होई : मातीने भरून भिंती, फळ्या काढून जमीन, उरल्यातून टेबल आणि खाट. मोठ्या तोफांच्या दारूचे रिकामे डबे जमिनीत तिरपे पुरून मुतारी केली जाई. शौचालयाखाली अर्धे कापलेले तेलाचे पिंप; ते रोज ओढून काढायचे, डिझेल ओतायचे, पेटवायचे आणि काठीने ढवळत राहायचे. युद्धपटांत हा काळा धूर क्वचितच दिसतो. तळावर राहिलेल्यांना मात्र तो विसरता आला नाही.

जेवण डब्यांतले. त्यातला 'हॅम आणि लिमा बीन्स' हा प्रकार इतका नकोसा, की त्याची अदलाबदल करायलाही कुणी तयार नसे. गरम करायला स्फोटकाचा, सी-४ चा, बोटाएवढा तुकडा पेटवीत. डिटोनेटरवाचून तो फुटत नाही, नुसता जळतो. पाणी मोजके, अंघोळ त्याहून मोजकी. उन्हाळ्यात लाल धूळ, पावसाळ्यात तोच लाल चिखल. ढग टेकडीवर उतरले की हेलिकॉप्टरे येत नसत. म्हणजे अन्न नाही, गोळे नाहीत, जखमीला बाहेर काढता येत नाही आणि टपालही नाही. पाकिटावर तिकिटाच्या जागी 'फ्री' असे लिहिले की पत्र घरी जाई. नेमणूक बहुधा वर्षाची, म्हणून दिवस खोडायची दिनदर्शिका ठिकठिकाणी दिसे.

या एकसुरीपणातच खरा धोका होता. क्वांग तिन प्रांतातील 'मेरी ॲन' हा तळ १९७१ च्या मार्चमध्ये शांत समजला जात होता. अमेरिकी सैन्य माघारी निघाले होते, शिस्त सैल झाली होती, हल्ला होईल असे कुणालाच वाटत नव्हते. २८ मार्चच्या पहाटे अडीच-पावणेतीनच्या सुमारास सुरुंगतज्ज्ञ तुकडी तारा कापून आत शिरली. अडीचशेच्या आसपास माणसे असलेल्या त्या तळावर तीस किंवा त्याहून थोडे अधिक अमेरिकी सैनिक मारले गेले, ऐंशीहून अधिक जखमी झाले. पुढे चौकशी होऊन डिव्हिजनच्या सेनापतीला पदावरून दूर करण्यात आले.

तोफतळ मागे ठेवून जात ते रिकामी नळकांडी आणि कुजणारी पोती. टेकडीपासून दहा-अकरा किलोमीटरच्या परिघात मात्र न फुटलेले गोळे मातीत राहिले. युद्ध चालू असतानाच प्रतिपक्ष ते उकरून त्यांचे सुरुंग बनवी. क्वांग त्री प्रांतात स्फोटके शोधणाऱ्या पथकांना आजही शेतात, अंगणात असे गोळे सापडतात. ते उचलून नेण्याचे काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जन्म युद्ध संपल्यानंतरचा आहे.