रशियन विज्ञानकथा आणि मराठी वाचक

बारामतीचें नांव निघतांच मोरोपंतांचें स्मरण व्हावें हें स्वाभाविक आहे. या कवीनें (१७२९–१७९४) महाभारत आर्यावृत्तांत मराठींत आणलें. मूळ संस्कृत त्याला स्वतःला वाचतां येत होतें. म्हणून काय घ्यावें नि काय गाळावें, हें त्याचें त्यानेंच ठरविलें. रशियन विज्ञानकथेच्या मराठी वाचकाला हें स्वातंत्र्य फारसें लाभलें नाहीं.

ही कथा समृद्ध आहे. बोग्दानोव्हनें १९०८ मध्यें मंगळावरील आदर्श समाज रंगविला. अलेक्सेई टॉल्स्टॉयची ‘एलिता’ १९२३ मध्यें निघाली. बेल्यायेव्हच्या १९२८ मधील कादंबरींत एका मुलाला माशाचे कल्ले बसवितात आणि तो समुद्रांत वावरूं लागतो. येफ्रेमोव्हची ‘देवयानी तेजोमेघ’ ही स्पुटनिकच्याच वर्षीं, १९५७ मध्यें, प्रसिद्ध झाली व तिचें इंग्रजी भाषांतर मॉस्कोहूनच निघालें.

तेथील सरकारी प्रकाशनसंस्थांचीं पुस्तकें मुंबईचें लोकवाङ्मय गृह अल्प किमतींत विकीत असे. परंतु त्यांची निवड मॉस्कोंत होई. भविष्याची आशा सांगणारीं पुस्तकें येत. भीति सांगणारें झाम्यातिनचें ‘आम्ही’ त्यांत नसे. तें १९२४ मध्यें इंग्रजींत न्यूयॉर्कला छापलें गेलें. खुद्द सोव्हिएत वाचकांच्या हातीं मात्र १९८८ मध्यें पडलें. पुढें १९९१ मध्यें सोव्हिएत संघ लयास गेला आणि स्वस्त पुस्तकांचा ओघही आटला.

मग उरते ती भाषा. आणि ती मराठी माणसाला वाटते तितकी परकी नाहीं. बारामती-इंदापूरकडील मूलही ‘चिंच’ म्हणतांना दोन निराळे ‘च’ उच्चारतें. रशियन लिपींत त्या दोहोंना दोन स्वतंत्र अक्षरें आहेत. रॉकेटविद्येचा प्रणेता त्सिओल्कोव्स्की याच्या नांवाचें आद्याक्षर म्हणजे ‘चिंचे’तला शेवटला ‘च’. ‘तो गेला, ती गेली, तें गेलें’ असा तीन लिंगांचा भेद रशियन भूतकाळींही आढळतो. विभक्तींची भीति तर शाळेंत संस्कृत घोकलेल्यास नसावीच. ‘मधु’ला तेथें ‘म्योद’ म्हणतात, हें ऐकून नातें ध्यानीं येतें.

भाषांतर वाचणारा दुसऱ्यानें वाढलेल्या ताटावर बसतो. पदार्थ रुचकर असतील. पण पाकघरांत आणखी काय होतें, हें त्याला कळत नाहीं. मूळ भाषा शिकणारा मात्र, मोरोपंतांप्रमाणें, आपली निवड आपणच करतो.