परक्या गावातील एक प्रश्न

गेल्या वर्षी माझा मामेभाऊ नोकरीच्या बदलीमुळे जयपूरला गेला. झोटवाड्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ त्याने खोली घेतली आणि आठ दिवसांतच त्याचे पत्र आले. पत्रात उन्हाविषयी दोन ओळी होत्या, पाण्याविषयी एक होती आणि शेवटी एक प्रश्न होता : "दादा, इथे आमची सभा कुठे भरते, एवढे शोधून देशील का?" दारू सोडून त्याला तीन वर्षे झाली होती. घर नीट लागण्यापूर्वीच त्याने सभेची चौकशी का करावी, याचे मला प्रथम नवल वाटले. परंतु या सभांचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा ध्यानात आले की त्यांचा जन्मच मुळी अशा प्रश्नातून झालेला आहे.

1935 सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा गृहस्थ अमेरिकेतील ॲक्रन शहरी आला होता. रोखेबाजारात त्याचा वावर असे. दारूने त्याचे पुष्कळ नुकसान केले होते आणि ती सुटून जेमतेम पाच महिने झाले होते. ज्या कामासाठी तो आला ते फसले. हॉटेलच्या दिवाणखान्यात एका बाजूला मद्यगृह होते आणि दुसऱ्या बाजूला दूरध्वनी. तो दूरध्वनीकडे वळला, गावातील धर्मोपदेशकांना एकामागून एक विचारू लागला, की मला बोलता येईल असा एखादा मद्यपी या गावात आहे काय? त्या खटपटीतून 12 मे रोजी त्याची गाठ डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉक्टरांनी पंधरा मिनिटेच देऊ केली होती. बोलणे कित्येक तास चालले. 10 जून 1935 हा डॉक्टरांच्या व्यसनमुक्तीचा दिवस मानला जातो, आणि 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही निनावी संघटना त्या दिवसापासून आपले वय मोजते.

यातील मर्म असे की, विल्सन डॉक्टरांना उपदेश करावयास गेला नव्हता. त्याला स्वतःला वाचावयाचे होते. दुसऱ्याला सावरताना आपण सावरतो, हा त्या भेटीतून लागलेला शोध होय.

भारतात या सभांचा आरंभ 1957 साली झाला आणि मुंबई हे त्यांचे अगदी आरंभीचे केंद्र. हा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. मुंबई इलाख्यात 1949 साली दारूबंदीचा कायदा झाला होता आणि 1950 पासून संपूर्ण दारूबंदी अमलात होती. प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळे. परवान्यावाचून पिणे हा गुन्हा. तरी हातभट्ट्या चालतच होत्या. मी सरकारी नोकर आहे, म्हणून कायद्याला नावे ठेवणे मला शोभणार नाही. आणि कित्येक घरांना त्याने आधार दिला हेही खरे. परंतु कायद्यापाशी मद्यप्याला देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या : परवाना किंवा खटला. सोबत देणे हे कोणत्याही फायलीचे काम नव्हे. ज्या नगरीत पिण्याची कबुली म्हणजे गुन्ह्याची कबुली, त्याच नगरीत काही माणसे एकत्र बसून ती कबुली एकमेकांपाशी देऊ लागली.

सभेचा रिवाज साधा आहे. फक्त पहिले नाव सांगावयाचे. वर्गणी नाही, जमलेल्यांनी स्वेच्छेने द्यावे, बाहेरची देणगी घेऊ नये. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. जन्मभराची शपथ कोणी मागत नाही; आजचा दिवस न पिता काढावयाचा, एवढेच. घरच्यांसाठी 1951 साली 'अल्-ॲनॉन' ही वेगळी संघटना निघाली, कारण एकाच्या पिण्याने सारे घर आजारी पडते.

महाराष्ट्रात या विचाराला दुसरे घर मिळाले ते पुण्यात. 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू केले; पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी साहाय्य केले. आरंभी ब्राउन शुगरच्या आहारी गेलेली तरुण मुले डोळ्यांसमोर होती. पुढे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने येऊ लागले. तेथील उपचारातही समूहात बसून मोकळे बोलण्याला मोठे स्थान आहे, आणि बरे झालेली माणसेच पुढे इतरांच्या मदतीला उभी राहतात.

असो. मामेभावासाठी मी संघटनेच्या मदत-क्रमांकावर विचारणा केली. पलीकडच्या गृहस्थांनी कारण विचारले नाही, आडनाव विचारले नाही. वार, वेळ आणि जागा तेवढी सांगितली. पहिल्या दिवशी तो दारापर्यंत जाऊन परत फिरला. दुसऱ्या आठवड्यात आत गेला. सभा हिंदीत चालते आणि मराठी माणूस तो एकटाच. परंतु त्याने नाव सांगताच सर्वांनी त्याला नमस्कार केला.

परवा त्याचे दुसरे पत्र आले. कोणी एक नवखा गृहस्थ सभेचा पत्ता विचारत होता, म्हणून हा त्याला आणावयास बसथांब्यावर गेला होता. तासभर वाट पाहिली. तो आला नाही. "पुढच्या आठवड्यात पुन्हा जाईन," असे त्याने लिहिले आहे.