मोक्षपट, कवड्या आणि विज्ञानाचे अध्यापन

सापशिडीचे मूळ भारतीय मोक्षपटात आहे, हे आता सामान्यतः मान्य झाले आहे. ज्ञानेश्वरांकडे त्याचे कर्तृत्व देणारी महाराष्ट्रातील परंपरा सर्वश्रुत असली, तरी तिला समकालीन लेखी आधार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील ग्रंथपाल वा. ल. मंजूळ यांनी या पटांचा मागोवा घेतला होता. सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप यांतून मुलास नीती शिकवावी, असा या पटाचा हेतू होता. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये तो नव्या रूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा घरांचा आशय बदलला. रचना मात्र तीच राहिली.

शाळेत विज्ञान शिकविण्यासाठी हा पट घेताना बहुधा हाच मार्ग अनुसरला जातो. दयेच्या जागी उकळलेले पाणी येते, क्रोधाच्या जागी डास येतो. परंतु उकळल्याने जंतू का मरतात, हे शिडी सांगत नाही. आशय घरात लिहिलेला असतो, खेळाच्या क्रियेत नसतो. म्हणून मूल तो न वाचताही खेळू शकते.

याउलट कवड्यांचे आहे. मोक्षपट पूर्वी कवड्यांनी खेळला जाई. पुढे फासा आला. फाशाच्या सहाही बाजू समसंभव मानल्या जातात. सहा कवड्यांचे तसे नाही. प्रत्येक कवडी उताणी वा पालथी पडण्याचा संभव सारखा मानला, तर एकूण ६४ प्रकार होतात. त्यांपैकी तीन कवड्या उताण्या पडण्याचे २० आणि एकही उताणी न पडण्याचा केवळ १. पचिशीच्या एका प्रचलित पद्धतीत सर्व कवड्या पालथ्या पडल्यास २५ चे दान मानतात. दुर्मीळ दानास मोठे मोल, ही जाण खेळाच्या नियमातच आहे.

वस्तुतः कवडीच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. तेव्हा गणिताने काढलेले प्रमाण खरे ठरते की नाही, हे विद्यार्थ्याने शेकडो वेळा कवड्या टाकून, नोंदी करून पाहावे लागते. अनुमान, प्रयोग व तफावतीचे कारण ही विज्ञानाची रीत येथे खेळाच्या क्रियेतच सामावलेली आहे. पुण्याच्या 'आयुका'तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून हीच दृष्टी रुजविली.

मराठीत दान 'पडते'. ते कोणी पाडत नाही. या प्रयोगामागेही दान पडतच राहते. परंतु कोणते किती वेळा पडावे, याचा अंदाज विद्यार्थ्यास आधी बांधता येतो.